अन्नशास्त्राच्या आचार्या : डॉ. कमला सोहोनी
(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच कृतज्ञतेचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांची वाटचाल ज्यांच्या खांद्यांवर उभी असते, त्यांतील अनेकांची नावे इतिवृत्तात सापडतात, काहींची सापडत नाहीत. गुरुजनांच्या बाबतीत तर हे फार घडते. शिष्य नावारूपाला येतो आणि त्याला घडविणारे हात विस्मृतीच्या पडद्याआड जातात. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका आचार्यांचे स्मरण हा आहे. अन्न हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, प्रयोगशाळा ही त्यांची कर्मभूमी आणि अध्यापन हा त्यांचा धर्म. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

विज्ञानात पीएच.डी. संपादन करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचा उल्लेख नेहमी होतो. तो मान त्यांना शोभतोच. परंतु ‘पहिली’ या एका शब्दात माणूस बंदिस्त झाला, की त्याच्या पुढच्या कार्याकडे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. पदवी मिळाली तेव्हा कमलाबाई अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यानंतरची अनेक वर्षे त्यांनी गरिबाच्या ताटातील अन्नाचे पृथक्करण करण्यात आणि ते काम करू शकतील असे विद्यार्थी घडविण्यात वेचली. स्मरण करावयाचे ते मुख्यत्वे या वर्षांचे.

कमलाबाईंचा जन्म १९११ च्या जून महिन्यात इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत लोकसाहित्याच्या आणि संस्कृतीच्या अभ्यासिका म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. एका घरातील दोन बहिणी. एकीने लोकांच्या मनात काय आहे याचा शोध घेतला, दुसरीने लोकांच्या अन्नात काय आहे याचा. घरात विद्येचे वातावरण होते आणि मुलींनी शिकू नये असे म्हणणारे कोणी नव्हते. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र या मुख्य विषयातील बी.एस्सी. पदवी गुणवत्ता यादीत अग्रस्थानी राहून मिळविल्यावर, वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले त्याच संस्थेत संशोधनासाठी जावे, हा विचार त्यांना अगदी स्वाभाविक वाटला.

संस्थेला तो तसा वाटला नाही. त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूरच्या संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षे झाली होती. देशाला त्यांच्याविषयी सार्थ अभिमान होता. या थोर शास्त्रज्ञाने कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते, विषयाचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, हेच कारण होते. नकाराचे पत्र हाती घेऊन गप्प बसावे, अशी त्या काळातील रीत. कमलाबाई बंगळूरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि नाकारण्याचे कारण त्यांनी विचारले. देशात सत्याग्रहाचे वारे वाहत होते. या विद्यार्थिनीनेही संस्थेच्या दारात सत्याग्रहाचाच मार्ग धरला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती.

ही शेवटची अट किती अपमानकारक होती, हे वेगळे सांगावयास नको. कमलाबाईंनी ती मान्य केली, कारण त्यांना काम करावयाचे होते. वर्ष संपले तेव्हा त्यांच्या कामाविषयी शंका घ्यावयास संचालकांना जागा उरली नाही. त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि त्या पाठोपाठ विद्यार्थिनींसाठी संस्थेचे दार उघडले. पुढे १९४० मध्ये रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत अण्णा मणी ही तरुणी संशोधनासाठी दाखल झाली आणि भारतीय हवामानशास्त्रात तिने मोठे नाव मिळविले. ज्या दाराशी एकीला थांबावे लागले, त्या दारातून दुसरी आत गेली.

याच बंगळूरात कमलाबाईंना त्यांचे पहिले खरे गुरू भेटले. त्यांचे नाव एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, कामाच्या बाबतीत कोणतीही सवलत न देणारे आणि पात्र विद्यार्थ्याला हातचे काही राखून न ठेवता शिकविणारे असे हे अध्यापक होते. विषयातील मूळ ग्रंथ वाचावेत, जगातील नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करावा, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाला प्रबंध सादर करून एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली. दूध आणि डाळ! मांसाहार न करणाऱ्या किंवा तो न परवडणाऱ्या कोट्यवधी भारतीयांच्या प्रथिनांचे हे दोन मुख्य आधार. आयुष्यभर पुरेल असा विषय कमलाबाईंच्या हाती पंचविशीतच आला होता.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला, केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांपैकी ते एक. हॉपकिन्स यांचा १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही विद्यार्थ्यांना सांगितला जातो. त्यांनी उंदरांच्या पिलांना शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार असा आहार दिला. हिशेबाने त्यात काही उणे नव्हते, तरी पिलांची वाढ खुंटली. त्याच आहाराला दिवसाकाठी चमचाभरही न होणाऱ्या दुधाची जोड मिळाली, तेव्हा पिले वाढू लागली. अन्नात मोजता येणाऱ्या घटकांपलीकडे अल्प प्रमाणात असणारे पण अत्यावश्यक असे काही असते, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. अशा गुरूच्या विभागात बंगळूरच्या त्या विद्यार्थिनीने पाऊल ठेवले.

येथे दाराशी कोणी अडविले नाही. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत त्यांना काम करण्यासाठी टेबल दिले. संशोधकाला प्रारंभी याहून अधिक काय हवे असते? काम करावयास चार हात जागा आणि कामावर विश्वास ठेवणारा एक माणूस. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाईंनी डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिरव्या पानातील हरितकणू पेशीबाहेर काढले तरी प्रकाशात प्राणवायू मुक्त करतात, हे दाखवून देणारे हे शास्त्रज्ञ वनस्पतींच्या ऊतींचा अभ्यास करीत होते. कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग सुरू केले आणि त्यांतून वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असल्याचे आढळले. प्राण्यांच्या पेशीत श्वसनाची, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याची, जी साखळी चालते तिच्यातील हा एक महत्त्वाचा दुवा. तोच दुवा वनस्पतींच्या पेशीपेशीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मुळाशी सर्व सजीवांच्या श्वसनाची रीत एकच आहे, या विचाराला बटाट्यासारख्या साध्या कंदाने पुष्टी दिली.

या कामावरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण झाला आणि तो केवळ चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पदवी मिळाली. ग्रंथाचे वजन पाहून विद्वत्ता ठरविणाऱ्यांनी ही चाळीस पाने ध्यानी ठेवण्यासारखी आहेत.

परदेशात राहून संशोधन करण्याच्या संधी समोर होत्या. एका अमेरिकन औषध कंपनीचे निमंत्रणही होते. परंतु देशात स्वातंत्र्याचा लढा सुरू होता, गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि आपले ज्ञान आपल्या माणसांच्या उपयोगी पडावे अशी त्यांची धारणा होती. १९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू होत होता. त्याच्या प्राध्यापक आणि प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. तेथून त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी सुरू केलेल्या संशोधनातून वाढलेली ही संस्था भारतीय आहारशास्त्राचे त्या काळातील पीठच होते. हीच संस्था पुढे १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरला कमलाबाईंनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर संशोधन केले.

१९४७ मध्ये विमागणिती श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत, जिला त्या वेळी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणत, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन ज्या संस्थेच्या आधारावर वाढले, त्या संस्थेत त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी पर्व सुरू झाले.

प्राध्यापकाचे मोठेपण तो विद्यार्थ्यांना कोणते प्रश्न देतो यावरून कळते. ज्या प्रश्नांची उत्तरे परदेशी नियतकालिकांना चटकन मानवतात असे प्रश्न निवडणे सोपे असते. कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांना जे विषय दिले, त्यांची यादी पाहावी : नीरा, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिने आणि ‘धान-आटा’ म्हणजे भाताचे पीठ. श्रीमंतांच्या मेजवानीत यांपैकी एकाही पदार्थाला मानाचे स्थान नाही. पण ज्यांना पोटभर मिळण्याची भ्रांत असते त्यांचे ताट याच पदार्थांनी भरते. हे अन्न त्यांना काय देते, काय देत नाही आणि थोड्या प्रयत्नाने अधिक काय देऊ शकेल, हा त्या प्रयोगशाळेचा प्रश्न होता.

यांतील नीरेचे काम सर्वांत अधिक गाजले. शिंदी, ताड आणि माड या झाडांचा रस पहाटे उतरवितात, तेव्हा तो गोड आणि निर्मळ असतो. सूर्य वर चढतो तसा तो आंबू लागतो आणि त्याची ताडी-माडी होते. मडक्याला आतून चुना लावला, तर आंबण्याची क्रिया रोखता येते. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाल्यावर, झाडांवर चढून पोट भरणाऱ्या कुटुंबांचे काय करावयाचे, हा प्रश्न होता आणि नीरा हे त्याचे एक उत्तर होते. परंतु नीरा ही केवळ ताडीची निरुपद्रवी बहीण, की तिच्या अंगी स्वतःचा काही गुण आहे? राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. रस आटवून त्याचा ताडगूळ किंवा काकवी केली तरी हे घटक टिकून राहतात, असेही दिसून आले. पुढील पाहण्यांत आदिवासी भागातील कुपोषित मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा झाली. या कार्याबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. रानात फुकट वाढणाऱ्या झाडाचा रस, स्वस्त, जवळचा आणि त्या लोकांच्या ओळखीचा; पोषणासाठी दूरदेशीच्या डब्याकडे पाहण्याची गरज नाही, हे या संशोधनाने सिद्ध केले.

डाळींचे काम नीरेइतके गाजले नाही, पण ते घराघरातील स्वयंपाकाच्या अधिक जवळचे आहे. कोरड्या डाळीत साधारणपणे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने असतात. मात्र अन्नात असणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक विकर लहान आतड्यात येते आणि प्रथिनांचे तुकडे करते. अनेक कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनचे काम अडविणारी द्रव्ये असतात. बीज प्राण्यांच्या पोटी जाऊन नष्ट होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती तटबंदीच असावी. ही द्रव्ये कोणत्या भारतीय धान्यांत व कडधान्यांत आहेत, त्यांचे गुणधर्म काय आणि ती वेगळी कशी काढावीत, यावर कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात एकापाठोपाठ एक निबंध प्रसिद्ध केले. त्यांत कोकणातील घराघरात शिजणारे वालही होते. वालांमधील ट्रिप्सिन-रोधक शुद्ध स्वरूपात मिळवून त्याचा अभ्यास याच प्रयोगशाळेत झाला.

या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. उष्णतेने ही रोधक द्रव्ये बहुतांशी निष्प्रभ होतात. वाल रात्री भिजत घालावेत, फडक्यात बांधून मोड आणावेत, सोलावेत आणि मग मऊ शिजवून त्यांचे बिरडे करावे, हा आजीच्या हातचा क्रम केवळ रुचीसाठी नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने जे स्वयंपाकघराला कळले होते त्याचे कारण प्रयोगशाळेने सांगितले. तसेच तांदूळ-ज्वारीत जे प्रथिन-घटक कमी पडतात ते डाळीत पुरेसे असतात आणि डाळीत जे उणे असते ते धान्य भरून काढते. म्हणून वरण-भात, खिचडी, भाकरी आणि आमटी या जोड्या आहारशास्त्राच्या कसोटीवर खऱ्या उतरतात. शाकाहारी घरांना ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची आहे. कोरड्या अभिमानाने ‘आपला आहार श्रेष्ठ’ म्हणणे सोपे. तो पुरा कसा पडेल हे तपासून सांगणारे शास्त्र मात्र कष्टाने उभे करावे लागते. ते कष्ट या आचार्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी केले.

मुंबईच्या दूधपुरवठ्याशीही त्यांचा संबंध आला. आरे दूध योजनेला दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्लागार म्हणून मार्गदर्शन केले आणि दूध नासू नये यासाठी कार्यपद्धती घालून दिली. महानगरात पहाटे दारी आलेली दुधाची बाटली सकाळी चुलीवर फुटू नये, यामागेही कोणाची तरी विद्या उभी असते. ती बाटली घेणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नसते.

संशोधननिबंधांवर कमलाबाईंच्या नावाशेजारी त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे छापलेली आहेत. श्रीनिवासय्यांनी बंगळूरात, हॉपकिन्स, रिक्टर आणि हिल यांनी केंब्रिजमध्ये त्यांना जे दिले ते मुंबईतील त्या टेबलांवर पुढच्या पिढीच्या हाती गेले. गुरुपरंपरा म्हणतात ती हीच. ऋण गुरूला परत करता येत नाही. ते शिष्याला देऊनच फेडावे लागते. आणि परंपरेत सर्वच गोष्टी पुढे द्यावयाच्या नसतात. बंगळूरच्या दारात जे वाट्याला आले, त्याची साखळी कमलाबाईंपाशी तुटली. संस्थेच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला द्यावयाचे असते ते काम आणि विश्वास, हे त्या स्वानुभवाने शिकल्या होत्या.

अन्याय मात्र बंगळूरलाच संपला असे नाही. विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असतानाही अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. अखेर नियुक्ती झाली तेव्हा एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक होऊन त्यांनी इतिहास घडविला, अशा शब्दांत त्यांच्या केंब्रिजच्या पहिल्या मार्गदर्शकांनी, डॉ. रिक्टर यांनी, आनंद व्यक्त केला. ज्याने एके काळी टेबल दिले, त्याला आपल्या विद्यार्थिनीच्या यशाची वार्ता इतक्या वर्षांनी इतकी मोलाची वाटावी, यात गुरुशिष्यसंबंधाचे सारे मर्म आले.

रामन यांच्या वागणुकीविषयी कमलाबाई उतारवयात स्त्री-शास्त्रज्ञांच्या सभेत स्पष्टपणे बोलल्या. रामन थोर शास्त्रज्ञ होते हे मान्य करून, आपण केवळ स्त्री म्हणून मिळालेली ती वागणूक विसरू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. काहींना हे खटकते. थोरांचे दोष झाकावेत, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु सत्य सांगणे आणि द्वेष करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. द्वेष धरला असता तर आयुष्य त्यातच गेले असते. सत्य दडविले असते तर पुढच्या मुलींना आपल्या आधी कोणी ही वाट चालून गेले आहे हे कळले नसते. कमलाबाईंनी पहिली चूक केली नाही आणि दुसरीही केली नाही.

त्यांच्या कार्याचे आणखी एक अंग सांगणे अगत्याचे आहे. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी ग्राहक मार्गदर्शक संस्थेची स्थापना केली. ग्राहक चळवळ हा शब्दही तेव्हा लोकांच्या कानी नवा होता. ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ मध्ये झाला. या संस्थेच्या कार्यात कमलाबाईंनी हिरिरीने भाग घेतला, १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपद भूषविले आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. दुधात पिष्ट मिसळले असेल तर आयोडिनच्या एका थेंबाने ते निळे पडते. हळदीत किंवा डाळीत मेटॅनिल यलो हा घातक रंग असेल तर आम्लाने गुलाबी छटा येते. असे ज्ञान रसायनशास्त्राच्या पदवीधराकडे असते, पण भेसळीचे विष जाते ते गृहिणीच्या पातेल्यात. या दोहोंतील अंतर कमी करणे, हे त्यांनी अध्यापनाचेच काम मानले. वर्ग मोठा झाला, विद्यार्थ्यांच्या जागी गृहिणी आल्या, एवढाच फरक. ‘आहार-गाथा’ या मराठी पुस्तकातून त्यांनी आहाराचे शास्त्र सामान्य वाचकाच्या भाषेत आणले. केंब्रिजच्या पीएच.डी.ला मराठीत लिहिण्याचा संकोच वाटला नाही, हेही नोंदविण्यासारखे आहे.

उतारवयात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच, १९९८ मध्ये, त्यांचे देहावसान झाले. आयुष्याच्या आरंभी एका संस्थेने दार लावले आणि अखेरीस दुसऱ्या संस्थेने सन्मानाने बोलाविले. या दोन प्रसंगांमध्ये साठांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. सन्मान उशिरा आला खरा, पण काम त्याची वाट पाहत थांबले नव्हते.

पुढे २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा हे नाव अनेक तरुणांनी प्रथमच ऐकले. आपल्या माणसाची ओळख अशी दूरदेशाहून व्हावी, यात आनंद किती मानावा आणि खंत किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मुंबईच्या ज्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थी घडविले, ती संस्था २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग झाली आहे. विद्यार्थी आजही तेथे येतात, प्रयोग करतात, पुढे जातात.

सज्जनहो, आपल्या परंपरेत अन्नदान श्रेष्ठ मानले आहे आणि विद्यादान त्याहून श्रेष्ठ. कमलाबाईंच्या जीवनात ही दोन दाने वेगळी राहिली नाहीत. अन्नाविषयीची विद्या देऊन त्यांनी दोन्ही एकाच वेळी केली. शिष्यवृत्त्या देणाऱ्या, वसतिगृहे चालविणाऱ्या, भोजनशाळा उभारणाऱ्या कोणत्याही संस्थेला त्यांच्या चरित्रातून दोन गोष्टी घेता येतील. दाराशी आलेल्या विद्यार्थ्याची पात्रता पाहावी, जन्माने लाभलेली चौकट पाहू नये, ही पहिली. आणि ताटात वाढलेले अन्न पोट भरते एवढ्यावर समाधान न मानता ते अंगी लागते का, हे विचारावे, ही दुसरी. वसतिगृहाच्या पंगतीत रोजच्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती, याचा हिशेब ज्या दिवशी विश्वस्त आस्थेने पाहतील, त्या दिवशी या आचार्यांचे खरे स्मारक उभे राहील. त्यासाठी निधी लागत नाही, लक्ष लागते.

डॉ. कमला सोहोनी यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.